आयन सोर्समधलं मीठ

हसू नका गड्याहो, पण त्या दिवशी मले खरंच वाटलं की आपण काहीतरी शोधून काढलं.

चंद्रपूरच्या लॅबमध्ये आमचा आयन सोर्स आहे. स्टीलच्या डब्यातली हवा काढाची, आर्गॉन गॅस सोडाचा, त्याचा प्लाझ्मा कराचा. बाहेर निव्वळ आर्गॉनचे आयन आले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी कमिटी पाहाले येणार होती. मी मशीन सुरू केली, तर पडद्यावरच्या आयनांच्या वजनाच्या आलेखात आर्गॉनच्या आधीच एक उंच सुळका! तिथं काहीच असाले नको होतं.

गाईड मॅडमले पळत बोलावून आणलं. "मॅडम, प्लाझ्मात काहीतरी नवीनच होऊन राह्यलं!"

त्यांनी एकदाच पाहिलं. "हा सोडियम आहे. परवा आतली फिलामेंटची तार कोणी बसवली?"

"मीच."

"हातमोजे?"

"फाटले होते."

"अन् त्याच्या आधी जेवलास काय?"

कुरखेड्याहून आईनं एसटीनं मीठ लावलेल्या वाळल्या मासोळ्या पाठवल्या होत्या. बोटं चाटून पुसून मी सरळ कामाले लागलो होतो. अन् मिठात सोडियमच असते.

मॅडम डोकं धरून बसल्या. "सगळं उघड अन् घासून काढ. परत हवा काढाले दोन दिवस लागतीन. उद्या कमिटीले काय दाखवू, मासोळ्या?"

संध्याकाळी आईले फोनवर सगळं सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "काऊन रे बाबू, मीठ जास्त पडलं होतं काय?"