त्या औषधाचं आडनाव

फ्लोरा : ते नाव या घरात घ्यायचं नाही, ड्वेन. अँब्युलन्स तुझी असेल, ओसरी माझी आहे.

ड्वेन : काकू, तुमच्या नातवाच्या घशाला सूज आली आहे. ती उतरवायला स्टिरॉइडची एकच मात्रा. सुई नाही, तोंडानंच.

फ्लोरा : एकच! कोच मॅकफीही असंच म्हणायचा. माझ्या लेकाला, रॉरीला हॉकीच्या संघात घेतलं आणि पाठोपाठ गोळ्या सुरू. म्हणे, व्हिटॅमिन आहेत, पोरगं अंग धरेल. धरलं की! मान बैलासारखी झाली आणि काळीज आतल्या आत फुगून गेलं.

ड्वेन : त्याच संघात होतो मी. त्याच्या पेटीला खांदा दिलाय. मला त्या गोळ्यांनी उलट्या व्हायच्या, म्हणून वाचलो.

फ्लोरा : आणि तो नालायक मयताला आला. डोळे पुसले, आणि सँडविचचं ताट चाटूनपुसून गेला. मिशीला लागलेलं ते अंडं अजून दिसतं मला. शिसारी येते.

ड्वेन : येणारच. पण त्या गोळ्या वेगळ्या, हे वेगळं. आडनाव तेवढं एक. आपल्या गावात मॅकडॉनल्ड काय कमी आहेत? सगळे एका घरचे का?

फ्लोरा : आडनावाबरोबर बापाचा गुणही घेतलेलेच जास्त.

(तिच्या मांडीवर, रजईत गुंडाळलेला इवन खोकतो, सीलचं पिल्लू भुंकावं तसा.)

फ्लोरा : बघ, कमी झालाय. गार हवेत आणलं की उतार पडतो. माझी आईही आम्हाला असंच बाहेर आणायची.

ड्वेन : घटकाभर बरं वाटतं. सूज आहे तिथंच आहे. श्वास आत घेताना शिट्टी वाजते, ऐका. गळ्याखालचा खळगा बघा कसा ओढला जातोय.

फ्लोरा : मग हॉस्पिटलात देतील काय ते.

ड्वेन : हेच देतील. पण या बर्फात पोचणार कधी आणि नंबर लागणार कधी? याचा गुण यायला वेळ लागतो. आत्ता पोटात गेलं तर वाटेतच कामाला लागेल.

फ्लोरा : त्याच्या आईला विचारल्याशिवाय...

ड्वेन : ती मासळीच्या कारखान्यात, फोन लॉकरमध्ये. पोर तुमच्या हवाली आहे, काकू.

फ्लोरा : गाढवा, सुजेचं औषध म्हणाला असतास तर मी केव्हाच पाजलं असतं. मला काय कळणार होतं?

ड्वेन : काही कळलं नसतं. गाडी चालवणारी कर्स्टीही येताना तेच म्हणत होती. पण या घरात एकदा नाव बदलून औषध आलंय. मी दुसऱ्यांदा आणणार नाही.

फ्लोरा : ...आण. आधी मला एक थेंब दे. थू! कडूजहर आहे.

ड्वेन : सरबतात घालून देतो.

फ्लोरा : डोकं मी धरते, तू पाज. गिळ, राजा. सगळं गिळ. ...शाबास. कुठल्या रस्त्यानं नेणार?

ड्वेन : हॉकीच्या रिंकवरून.

फ्लोरा : तिथं दारावर त्या मॅकफीचं नाव लावलंय, सोनेरी अक्षरांत. ते दिसू नये म्हणून मी किनाऱ्याकडून वळसा घालते. नुसतं वाचलं तरी ओकारी येते.

ड्वेन : किनाऱ्याकडूनच जाऊ. कर्स्टीला सांगतो.

फ्लोरा : लांब पडतो ना तो रस्ता?

ड्वेन : पडतो.

फ्लोरा : मग रिंकवरूनच घे. मी इवनकडे बघत बसेन.