तव्यावर भाजलेला क्लच

माझं माहेर लोनावळ्याचं. बा रेल्वेच्या ग्यांगवर व्हता, रूळ ठोकून ठोकून त्याच्या हाताला घट्टे पडलेले, म्हनून आयनं ठरवलेलं की पोरगी शेतकऱ्याच्या घरी द्यायची, लोखंड नको आन तेलाचा वास नको. दिली ती हितं इंदुरीला, शेत बघून, बैल बघून. आन काय सांगू तुमाला ताई, लगीन होतंय न होतंय तवर लढाई लागली, देहूरोडच्या डेपोत मानसं भरायला लागले, त्यात आमचं मालक बी गेलं. तितल्या लष्करी फटफट्या बघितल्या आन पार खुळं झालं. शेत दिराच्या गळ्यात आन ह्यांच्या हातात पाना. आय ज्याला भीत व्हती तेच माझ्या ओसरीत येऊन बसलं.

सुट्टी आली की कुनाची तरी फटफटी दारात. मग माझी परात स्क्रू ठेवायला, माझं जुनं लुगडं पुसायला, पाट्यावर ठोकाठोकी. मी म्हनायची, अवो हे घर हाय का कारखाना, तर म्हनायचं, अगं थांब जरा, झालंच. ह्यांचं झालंच म्हंजी सुगी सरली तरी होत न्हाई.

एका दसऱ्याच्या तोंडावर तळेगावच्या डाक्टरांची फटफटी आलेली, क्लच घसरत व्हता. क्लच म्हंजी काय ते मला बी तवाच कळलं. लोखंडाच्या चकत्या असत्यात एकीला एक लागून, मधी जाड कापडाचं आस्तर, त्या एकमेकीला घट्ट धरत्यात तवा चाक फिरतं, दांडा दाबला की सोडत्यात. मालकांनी नवं आस्तर बसवलं, चकत्या माझ्याच परातीत मांडल्या, वर फडकं टाकलं आन कामावर जाताना समद्यांना बजावलं, ह्याला बोट लावायचं न्हाई, ह्या कोरड्याच पायजेत.

आता आमच्या आत्याबाई, म्हंजी माझी सासू. तिनं ऐकलं व्हतं, पन दिवस खंडेनवमीचा. विळा, कोयता, खुरपं, कुऱ्हाड समदं धुवायचं, तेल लावायचं, हळदकुंकू, झेंडू. सनाला घरातलं लोखंड कोरडं ठेवलं तर ते रुसतं आन धन्याचंच बोट कापतं, ही तिची समजूत, तिच्या सासूनं दिलेली. मी रानात गेलते. तिनं फडकं काढलं, एकेक चकती मांडीवर घेऊन करडईचं तेल चोळलं, पूजा केली, मग ल्योक वरडंल म्हनून कुंकू पुसलं आन फडकं व्हतं तसं टाकून मोकळी झाली. आस्तरानं तेल पिलेलं, वरनं काय दिसतंय.

दसऱ्याला मालकांनी समदं जोडलं. डाक्टर टांग्यानं आले गाडी न्यायला, अजून च्या प्यायचाय तवर माझ्या ननंदंचा, सखूचा, दीर घामाघूम होऊन दारात. तिचं सासर तिकडं आंदर मावळात. म्हनला, वैनी कालपास्नं अडल्यात, सुईनीनं हात टेकलं. डाक्टर उठले, मालक मागं बसलं, गाडी निघाली आन गढीजवळच्या चढाला नुसती बोंबलायला लागली. आवाज ह्या गावाचा त्या गावाला, चाक जाग्यावर. ढकलत परत आनली.

मालकांनी उघडून बोट लावलं, वास घेतला, आन बघितलं कुनाकडं? माझ्याकडं. घरात काय बी झालं की मीच. मी म्हनलं, माझ्याकडं काय बघताय, नीट वास घ्या, हळदीचा बी यील. तवा आत्याबाई म्होरं आल्या. म्हनल्या, मी लावलं रं, सनाचं लोखंड उपाशी कसं ठेवू. आन मग आपली लेक कुटं पडलीय ते ध्यानात आलं, तशा कपाळ बडवायला लागल्या.

धुवायचं कशानं? राकेल रेशनवर, घरात दिव्यापुरतं न्हाई. पेट्रोल जाया-यायापुरतं. मालक डोकं धरून बसलं, डेपोतल्या सायबापास्नं देवापर्यंत समद्यांना शिव्या. मला असा राग आला ताई. मी म्हनलं, अवो तेलच हाय नव्हं, ईख तर न्हाई? सांडलं तर आमी राख टाकतो, राख तेल पिती. तव्यावर गरम करा, तेल वर यील, राखंनं टिपा. मालक म्हनलं, आस्तर जळंल. मी म्हनलं, भाकरी जाळली का म्या कधी?

चूल पेटवली. आत्याबाईंनी राख कापडातनं चाळली, डोळ्यातनं पानी, हात मातर थांबला न्हाई. मंद जाळावर चकती ठेवली की तेल घामावानी वर यायचं, राख दाबायची, पुसायची, पुन्हा तव्यावर. समद्या आस्तरानं तेल सोडलं तवा मालकांनी परत बसवल्या, स्प्रिंगा सारख्या आवळल्या, दांड्याला वाईच ढील ठेवली. गाडी गेली आन चढ चढली. आवाज लांब जाईस्तवर आत्याबाई दारात उभ्या.

दुसऱ्या दिशी मालक आलं, बसलं, पानी मागितलं. आमी दोघी तोंडाकडं बघतोय आन हे पानी पित्यात. मग म्हनलं, पोर आडवं व्हतं, डाक्टरांनी काढलं, मुलगी झाली, सखू बी बरी हाय. आधी सांगायला काय झालं व्हतं ह्या मानसाला?

आता लढाई सरली, ती पोरगी तुरुतुरु पळती, दसऱ्याला मामाकडं येती. तव्याचं मातर वाटोळं झालं, भाकरीला त्यो वास काय जात न्हाई, दुसरा घ्यावा लागला. ओसरीत आज बी एक फटफटी खोलून पडलीय, झालंच म्हनत्यात. खंडेनवमीला मी तिच्याजवळ राखनीला बसते. आत्याबाई तेलाची वाटी घिऊन येत्यात, चकत्यांकडं बघत्यात, मग माझ्याकडं. मी त्यो जुना तवा म्होरं सरकवते, म्हनते, ह्याला लावा आत्याबाई, पोटभर लावा. मग त्या त्याला हळदकुंकू वाहत्यात, झेंडू ठेवत्यात, आन नातीला म्हनत्यात, पाया पड गं बाई ह्याच्या, तुझ्या आयच्या बी वाटचं पड.