झऱ्याचा दावा आणि रद्द झालेली किल्ली

दि. १९/०३/२०२५

मी बहिरू सहादू गावित, वय ६१ वर्षे, धंदा - निवृत्त पोस्टमन, रा. पेठ रोड, नाशिक. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझे मूळ गाव पेठ तालुक्यात आहे. तेथील जंगलातल्या झऱ्यावर सगळ्या गावाचे पाणी चालते. त्या जंगलावरील गावाच्या हक्काचा दावा वकील वेदिका चौधरी चालवतात. गावाच्या समितीचा सचिव म्हणून त्यांना ई-मेल मी पाठवतो.

जानेवारीत वेदिकाताईंनी मला ई-मेलवर संगणकी सही करायला शिकवले. तिला दोन किल्ल्या, म्हणजे संगणकातल्या दोन फायली, लागतात. एक सर्वांना द्यायची, तिने सही तपासता येते. दुसरी खाजगी, सही तिनेच होते. मी चौतीस वर्षे टपाल वाटलेला माणूस, समितीच्या बाकी पाचही जणांना दोन्ही वाटून मोकळा झालो.

ताई म्हणाल्या, "काका, पोस्टाचा शिक्का कधी वाटला होता का लोकांना?"

मी म्हटले, "चुकलंच माझं. परत मागवू का?"

त्या रागावल्या नाहीत. जुनी जोडी रद्द करून नवी करून दिली. नवी किल्ली माझीच आहे हे पक्के करायला तिच्या ओळखीची चाळीस अक्षरे कागदावर घेऊन मला ऑफिसात बोलावले. मी एकेक अक्षर वाचले, त्यांनी जुळवले. तेव्हा मला तो नसता खटाटोप वाटला होता.

दि. १७/०३ रोजी सकाळी ९.४० वा. ताईंचा फोन आला. "काका, दावा मागे घ्या, असं तुम्ही लिहिलंय?"

मी म्हटले, "नाय हो. मी कशाला लिहू असं?"

माझ्या नावाने आलेल्या त्या मेलवर सही होती, पण रद्द केलेल्या किल्लीची. ताईंच्या संगणकावर तशी लाल सूचना आली होती. ११ वाजता सुनावणी होती. ताईंनी बाजू मांडली व दावा कायम राहिला.

जबाबात आभार लिहीत नाहीत, असे हवालदार साहेब म्हणाले. माझ्या विनंतीवरून लिहून घेतले. वेदिकाताईंचे माझ्यावर व गावावर फार उपकार आहेत. त्या नसत्या तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

संशय कोणावर, असे विचारल्यावरून सांगतो की, जुनी खाजगी किल्ली माझ्याखेरीज त्या पाच जणांकडेच होती. ती पासवर्डशिवाय चालत नाही. पासवर्ड मी कोणाला सांगितला नव्हता. तो आमच्या आईच्या माहेरच्या नावाचा होता. ते नाव आता माझ्यासह घरातल्या दोघांनाच माहीत आहे. पाच जणांची यादी सोबत दिली आहे. त्यात माझा धाकटा भाऊ मंगळू आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो त्या चाळीस अक्षरांसारखा सावकाश जुळवून पाहिला. मंगळूचे नाव खोडू का, असे साहेबांनी विचारले. खोडू नये. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.