झगे काढायची रांग

सभेचे अध्यक्ष संचालक ल्यान साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सुरक्षा विभागाच्या श्वे ताई, आणि गोल टेबलांभोवती माशाची वाट पाहत बसलेल्या मित्रमंडळींनो,

ताईंच्या त्या पहिल्या भूकंप-सरावाची खरी किंमत आधी सांगतो. अर्धी पाळी बुडाली. पाळीतल्या सगळ्यांचे पांढरे झगे चिखलात गेले. आणि ल्यान साहेबांनी ताईंशी बोलणं टाकलं. आज हसताय साहेब, तेव्हा हसत नव्हतात.

मी कुओ, सुपारी चघळत लोखंड कापत वर आलेला माणूस. इथे चिप बनवणाऱ्या प्रत्येक यंत्राखालचा लोखंडी पाय माझ्या वर्कशॉपातला. जमीन हलते, यंत्र हलत नाही. थाईनानमध्येच काय, अख्ख्या तैवानात कोणालाही विचारा, हा कारखाना कुओच्या पायांवर उभा आहे!

असो, विषय ताईंचा आहे. त्या दिवशी भोंगा वाजला, सगळे निघाले आणि कपडे बदलायच्या खोलीत थांबले. चक्क रांग! टोपी काढ, झगा काढ, हँगरला लाव, बूट जागेवर ठेव. एका कणानं चिप बिघडते, म्हणून धुळीला भिऊन ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी दुसरं काय करावं?

"अरे, लग्नाला आलायत का? पळा!" ताई ओरडल्या.

रांगेतला आ-होंग अदबीनं म्हणाला, "ताई, झगा बाहेर नेला तर साहेब पगार कापतील."

"आणि छत डोक्यावर आलं तर काय कापतील?"

ताईंनी सगळ्यांना झग्यांसकट पावसात हाकललं. साहेब धावत आले. "श्वे, पुन्हा असं केलंस तर राजीनामा घेऊन यायचा!"

"आणते साहेब. पण पुढच्या सरावानंतर."

पुढचा सराव झाला, त्याच्या पुढचाही झाला. राजीनामा पर्समध्येच राहिला. नोकरी पणाला लावून माणसं पळायला शिकवणारी बाई तुम्ही दुसरी पाहिलीत का?

मग गेल्या वसंतात, जेवणाच्या जरा आधी, खरा हादरा आला. मी यंत्रांचे पाय तपासायला आत होतो. झग्यासकट मीही पळालो. बाहेर हिरवळीवर पांढरीशुभ्र गर्दी. ताई हजेरी घेत होत्या. शेवटचं नाव आ-होंगचं. उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा नाही. ताईंनी कारखान्याकडे पाऊल टाकलं...

"आहे ना ताई! इकडे!"

पठ्ठ्या बाकावर उभा होता. झगा मळू नये म्हणून!

ताई मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. रडल्या असं काहीजण म्हणतात. मी जवळ होतो, मला दोन्ही ऐकू आलं.

त्या दिवशी सगळे सुखरूप राहिले, त्याचं श्रेय कोणाचं, यावर अजून वाद आहे. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण त्यांच्यावर, नावातच 'शहाणा हो' असलेल्या खाऊची हिरवी पुडी ठेवतो. साहेब म्हणतात, सारं त्या पुडीचं. मी म्हणतो, माझ्या पायांचं.

ताई, आता निवांत झोपा. आयोजकांनी या लोखंडवाल्याच्या हाती माइक दिला, त्यांचे आभार. जीभ कुठे घसरली असेल तर ते माशाबरोबर गिळून टाका.

बसण्याआधी एवढंच. परत आत गेलो तेव्हा यंत्रं जागची हलली नव्हती. पडली होती ती कपडे बदलायच्या खोलीतली भिंतभर लोखंडी कपाटं, जिथे रांग लागायची बरोबर तिथे.

त्या खोलीत मी बनवलेलं काहीही नव्हतं.