आधी नैवेद्य, मग रेवती

“अगं आई, देवांची आंघोळ संपणार कधी? माझी बस जाईल!”

ऐकलंत, मंडळी? दहावीतली रेवती पुटपुटतेय – आईच्या अगदी कानाशी! मोठ्यानं बोलायची सोयच नाही. म्हणून टाळ जरा खाली ठेवा आणि सांगा – घरात आधी कुणी खावं? देवानं, का लेकरानं?

काय, गप्प बसलात? ते घरही असंच गप्प!

रेवतीचे आजोबा भास्करराव, लोणंदचे निवृत्त पोस्टमास्तर. नोकरीत होते तोवर पूजा कशी, झटपट – टपालाची गाडी यायची ना! निवृत्त झाले आणि देवांचं भाग्य उजळलं! पंचामृत काय, अत्तर काय, बाळकृष्णाला रोज नवा अंगरखा! आणि घराचा नेम – नैवेद्य झाल्याशिवाय कुणी तोंडात कण घालायचा नाही. तुम्ही हसू नका, तुम्ही तर कीर्तनालाही प्रसादाच्या बेताला येता!

इकडे शाळा सातला. आई, सुमित्रा, अंधारात उठून पोळ्या करी. तव्यावर पोळी फुगतेय, पोरगी आवंढा गिळतेय – आणि बसचा हॉर्न! गेली उपाशी! मधल्या सुट्टीत डबा उघडेपर्यंत गणिताचा तास संपलेला. फळ्यावरचे आकडे हलायचे, बाई विहिरीच्या तळातून बोलल्यासारख्या वाटायच्या. रिकाम्या जात्यातून पीठ पडतं का हो?

सहामाहीला पोरगी गणितात नापास! बाईंचा निरोप आला – सराव परीक्षेतही असंच झालं, तर बोर्डाचं काही खरं नाही.

मग सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बसली घरची सभा. वडील म्हणाले, “मोबाईल!” आजी म्हणाली, “नजर!” – आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्यासुद्धा! सुमित्राच्या ओठांवर खरं आलं होतं. तिनं देवघराकडे पाहिलं, नि गिळून टाकलं.

आजोबांचा जीव होता हो नातीवर! म्हणाले, “उद्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर ना? तिच्यासाठी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करतो. मगच नैवेद्य!”

एकवीस! माया खरी – पण कुणाच्या पोटावर?

सकाळ झाली. आवर्तनं चाललीत, घंटा चाललीय, बस यायची वेळ झालीय. रेवती बूट घालायला वाकली – आणि भिंतीला धरून खालीच बसली! वडिलांनी हातातलं वर्तमानपत्र आणखी वर धरलं. आजी तुळशीला पाणी घालत राहिली, कुंडी वाहून चालली तरी!

माउलींनो, तुम्ही काय केलं असतं? कुणाकडे पूजा आडवी येते, कुणाकडे घाई, कुणाकडे ‘एवढ्यानं काय होतंय, चहा पिऊन जाईल’! आज सकाळी तुमचं पोर काय खाऊन गेलं? आठवा! माझ्याकडे नको, मनात बघा.

सुमित्रानं तव्यावरची पोळी ताटलीत घेतली. तूप लावलं, गूळ ठेवला. देवघराच्या उंबऱ्याशी गेली. सासऱ्यांपुढे तिनं कधी आवाज चढवला नव्हता – तेव्हाही चढवला नाही.

“मामंजी,” ती म्हणाली, “पोरगी उपाशी आहे. तुमच्या पूजेपायी रोज उपाशी जाते.” आणि ताटली तिनं देवापुढे नाही, लेकीपुढे ठेवली.