सून म्हने, नळ चावते

माहेर माहं मूल गावाच्या अंगाले, बाप लाकूड कापाच्या आरा मशिनीवर कामाले होता, न मले देल्लं इकडं चामोर्शीकडं. सासू लय कडक, बारा वर्षं तिच्या हाताखाली काढले, तेच शिकली न तशीच सासू झाली मी, काय सांगू बाई तुम्हाले. आमच्या घरी सासऱ्यापुढं सुनेनं चप्पल घालाची नाई, आंगनातबी नाई. माह्या टाचा फुटेत म्हनून मी रबरी चप्पल घालो, पन मी सासू होती ना.

माह्या पोराचं, रमेशचं लगन झालं त्या उन्हाळ्यात कूलर आनला. कूलर झटका मारे, तं वायरमननं त्याची अर्थिंगची तार आंगनातल्या नळाच्या पाइपाले बांधून देल्ली, सारे तसेच करत. लोखंडी पाइप, जमिनीत गेलेला, करंट मातीत उतरून जाये. दोन वर्षं काई झालं नाई. मंग नळवाल्यानं खोदून खालचा पाइप प्लास्टिकचा टाकला, वरचा नळ तेवढा लोखंडाचा ठेवला, न तार तशीच राह्यली. कोनाच्या ध्यानात येते?

सुनंदा, माही सून, एटापल्लीकडची, तोंडातून शब्द न काढनारी. एक दिवस म्हने आत्याबाई, नळ चावते. मी गेली, नळ धरून पाह्यला, काईच नाई. म्हटलं काऊन वं, मले नाई चावत न तुलेच चावते? कामाचं जिवावर आलं म्हन. चार बायांत तिची नक्कल केली, बाया पोट धरून हासल्या. तिनं हाताले फडकं गुंडाळून पानी भरलं, तं मी फडकंबी हिसकलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कूलर सुरू, आंगन ओलं, सुनंदा नळापाशी पडली ते उठलीच नाई. वायरमननं येऊन तार तोडली, माह्या पायाकडं पाहून म्हने, बाई, चप्पल होती म्हनून तुमी वाचल्या.

तिची माय रडत आली. मले विचारलं, पोरगी काई बोलली होती का वो? मी म्हटलं नाई, काईच नाई बोलली.

आता आंगनात अर्थिंगचा खड्डा हाय, रमेशची दुसरी बायको चप्पल घालून फिरते, मी काई म्हनत नाई. पन सुनंदाची माय दरसाली मार्कंड्याच्या जत्रेत भेटते, माह्या पाया पडते, म्हनते तुमी माह्या पोरीले मायेनं ठेवलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो, सुखी राय म्हनतो.