चार पावलांचा सूर

टिंब नाई हाये जी ते, गुरुजी — भोक हाये. कागदाले पडलेलं भोक. खालच्या कागदावरची काळी शाई दिसते त्याच्यातून, म्हनून टिंबावानी वाटते. तुमी तिकडं पाहूच नका. तुमाले शाळेचा बँड बसवाचा हाये ना, पंधरा ऑगस्टले? मंग पयले कागदावरचे सुरांचे गोटे पाहा. हा पोकळ गोटा, बिनदांडीचा — चार पावलं. त्याले दांडी लागली — दोन. पोट काळं झालं — एक. आमी लग्नातले बँडवाले पावलांनंच शिकवतो, नवरदेव घोड्यावर अन् आमी पायी, चालत-चालत वाजवा लागते ना! चला, उठा, या आंगनात चाला माह्यासंगं — एक, दोन, तीन, चार. लाजता काय, गुरुजी! हिंगणघाटच्या भर बाजारातून चाललो आमी असे.

आता टिंब. गोट्याच्या बाजूले टिंब बसलं का त्याच्या अर्धं अजून धराचं. दोनाचे तीन. एकाचा दीड — तो दीडच अवघड, लोकं टिंब खाऊन टाकतेत, पुढच्या सुरावर धाड घालतेत. अन् चाराचे? — हव, बरोबर, सहा. नत्थूनं कधी टिंब खाल्लं नाई. नत्थू — माहा लहान भाऊ. तुमच्या हातातला पितळी बाजा, हे कार्नेट, त्याचंच हाये, मी घासून ठेवलं. त्याले मीच शिकवलं, पाटीवर गोटे काढून काढून. सांगतलं होतं, कागद म्हनते ते वाजवाचं — भाऊ काय म्हनते, नवरीचा बाप काय म्हनते, कोनाचंच आयकाचं नाई. अन् आयके जी तो! मले उलटून बोले, भांडे, पन कागदापुढं निस्ती गाय.

छातीचा बिमार होता. छप्पनचा उन्हाळा. डॉक्टरनं सांगतलं, बाजा तोंडाले लावाचा नाई. पन जाम गावच्या लग्नाची सुपारी घेतलेली, अन् तिथं नवरीकडून अल्लीपूरचा बँड येनार. नत्थू म्हने, दादा, हे शेवटचं लग्न, अन् शेवटचा सूर चारच पावलं धरीन, त्याच्यावर दम पुरत नाई. म्या म्हनलं, चारच लिवला हाये बाबू, पाहून घे. लिवला होता चारच. मंग — नाई, काई नाई. चहा घेता ना? धुरपते, चहा मांड वं! — धुरपता, नत्थूची बायको. इथंच राह्यते. मले ताटात पयली भाकर तीच वाढते.

खरवडता-खरवडता पडलं जी ते भोक, दुसरं काय! ब्लेडनं... काय खरवडलं? तुमी मास्तर लोकं लय इचारता बाप्पा. टिंब खरवडलं. मीच देल्लं होतं, त्या शेवटच्या सुराले. लग्नाच्या सकाळी, तो आंघोळीले गेलता तवा. अल्लीपूरचा कार्नेटवाला पाच धरते म्हने — पाच! आमच्या नत्थूपुढं! आपले सहा झाले तं आपल्या बाबाराव बँडचं नाव होईन, असं आलं डोक्यात. दोन पावलं तं हायेत, दोन पावलांनं काय होते? त्याले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं नाई म्हनला असता — मले म्हनला असता, कागदाले नाई. मंडपाच्या दारात कार्नेटवरच्या चिमट्यात हाच कागद होता. शेवटचा सूर आला, त्यानं टिंब पाह्यलं, मंग मले पाह्यलं. गुरुजी, त्याले समजलं होतं. अन् तरी धरला. चार — पाच — सहा. पुरे सहा. मंग कार्नेटमंधून रगत आलं. लोकं टाळ्या पिटून राह्यले होते.

धुरपता म्हनते, बिमारीनं नेलं, तुमी जिवाले लावून घेऊ नका. तिले कोन्या तोंडानं सांगू? म्या मारला माह्या भावाले, दोन पावलांसाठी. आता दोन वर्सं झाली, या आंगनात मी चार पावलं टाकून थांबतो, अन् मांगून अजून दोन वाजतेत. रोज. शिकवनं सोडलंच होतं मी — तुमाले हव म्हनलं ते याच्याचसाठी. मले एक डाव तो सूर चारवर थांबलेला आयकाचा हाये. एकच डाव. घ्या, तोंडाले लावा. हे टिंब नाई, भोक हाये, ध्यानात ठेवा. तुमी वाजवा, मी तुमच्याकडं पाठ करून चालतो.

एक — दोन — तीन — चार —

बस! बस म्हनलं ना! भोक हाये म्हनून एवढं सांगतलं तुमाले, अन् तरी तुमी सहा काऊन — काय म्हनता? चारवरच सोडला? ओठावरून काढलं होतं?...

ठेवा ते. खाली ठेवा. नाई, कागदबी राहू द्या.

धुरपते, चहा नको मांडू. गुरुजी चालले.